विश्लेषण : रेल्वे-बस सिम्युलेटरची ॲड-ऑन ‘झिप’मध्ये हवीत की ‘इन्स्टॉलर’मध्ये?

लालबागपासून हाकेच्या अंतरावर करी रोड आणि चिंचपोकळी ही स्थानके, जवळच मध्य रेल्वेचा परळ कारखाना आणि पलीकडे पश्चिम रेल्वेचा लोअर परळचा कारखाना. इथल्या मुलांना गाड्यांचे वेड लागले तर नवल नाही. हे वेड आता कॉम्प्युटर आणि मोबाइलच्या पडद्यावरही पोचले आहे. सिम्युलेटर गेममध्ये आपल्या ओळखीचे इंजिन, बेस्टची डबल डेकर किंवा एसटीची लाल परी मुळात नसते. हौशी मंडळी ती तयार करतात आणि बहुतेकदा फुकट वाटतात. ती आपल्यापर्यंत दोन प्रकारे येते : साधी ‘झिप’ फाइल किंवा आपोआप सगळे बसवून देणारा ‘इन्स्टॉलर’. वरवर हा सोयीचा प्रश्न वाटतो. पण ज्या घरात एकच कॉम्प्युटर आहे, त्यावरच बँकेचे व्यवहार, मुलीचा अकरावीचा अर्ज आणि मंडळाच्या वर्गणीचा हिशोब आहे, तिथे प्रश्न वेगळाच होतो : एका इंजिनासाठी अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली द्यायची का?

ॲड-ऑनची गरज का पडली?

‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ हा खेळ २००१ मध्ये आला. त्यात सहा मार्ग होते. दोन अमेरिकेतले, दोन जपानमधले, एक इंग्लंडमधला आणि एक ऑस्ट्रियातला. भारतातला एकही नव्हता. मात्र या खेळाची रचना मोकळी होती. गाड्या एका फोल्डरमध्ये, मार्ग दुसऱ्या फोल्डरमध्ये, आवाज तिसऱ्या. इंजिनाचे वजन, ताकद, ब्रेक यांची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, बदलता येते. त्यामुळे जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या देशातल्या गाड्या बनवल्या. भारतीयांनी डब्ल्यूडीएम मालिकेतली डिझेल इंजिने, ‘डब्ल्यूएपी-४’सारखी विजेवरची इंजिने आणि आयसीएफचे निळे डबे पडद्यावर आणले.

मायक्रोसॉफ्टने या खेळाच्या पुढच्या आवृत्तीचे काम २००९ मध्ये थांबवले. तरी या गाड्या थांबल्या नाहीत. ‘ओपन रेल्स’ हा स्वयंसेवकांनी बनवलेला मोफत सिम्युलेटर तेच जुने साहित्य आजच्या विंडोजवर चालवतो.

याला खेळापलीकडचेही मोल आहे. बेस्टची जुनी डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून कायमची गेली. जे रस्त्यावरून आणि रुळांवरून जाते, ते अशा ॲड-ऑनमध्ये मागे उरते. त्याचा रंग, हॉर्न, खिडक्यांची ठेवण कुणीतरी रात्री जागून जपलेली असते. म्हणूनच ते कोणत्या वेष्टनात द्यायचे, हा प्रश्न किरकोळ नाही.

झिप आणि इन्स्टॉलर यांत नेमका फरक काय?

झिप म्हणजे गाठोडे. अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेले. ही पद्धत अमेरिकी प्रोग्रामर फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणली आणि आजही ती कॉम्प्युटरवर, मोबाइलवर कुठेही उघडते. झिप स्वतःहून काही करत नाही. आत काय आहे ते आधी बघता येते, हवे तेवढेच बाहेर काढता येते.

इन्स्टॉलर हा मात्र प्रोग्राम असतो. त्यावर दोनदा टिचकी मारली की तो कामाला लागतो. खेळ कुठे आहे ते शोधतो, फोल्डर तयार करतो, फाइली टाकतो, जुन्या फाइली बदलतो. हे करताना तो अनेकदा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार मागतो. ते एकदा दिले की तो फक्त खेळाच्या फोल्डरपुरता राहील, याची खात्री आपल्याला पडद्यावरून होत नाही.

लालबागच्या वाचकांना हा फरक मसाल्यावरून लगेच कळेल. उन्हाळ्यात इथल्या बाजारात बेडगी, संकेश्वरी मिरची निवडून घ्यायची, देठ काढायचे, सगळे भाजून घ्यायचे आणि डंकाजवळ उभे राहून कुटून घ्यायचे, ही झिपची पद्धत. बंद पुडी आणून थेट आमटीत टाकायची, ही इन्स्टॉलरची. पुडी वाईट असते असे नाही. पण पुडी कुणाची, हे माहीत असावे लागते.

इन्स्टॉलरची बाजू काय?

ती बळकट आहे आणि ती नीट ऐकायला हवी. झिप वापरताना नवखा माणूस हमखास अडखळतो. फोल्डरच्या आत त्याच नावाचे दुसरे फोल्डर तयार होते आणि खेळाला गाडी सापडतच नाही. एखादी सामाईक आवाजाची फाइल नकळत बदलली जाते आणि दुसरीच गाडी मुकी होते. काढून टाकायचे तर कोणत्या फाइली कुठे गेल्या, याची नोंद नसते. चांगला इन्स्टॉलर ही नोंद ठेवतो आणि सांगितल्यावर सगळे आवरूनही देतो.

विंडोजचीही एक खोच आहे. जुना ट्रेन सिम्युलेटर ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये बसत असे. विंडोज व्हिस्टापासून या फोल्डरमध्ये परवानगीशिवाय काही लिहिता येत नाही. जुना प्रोग्राम लिहायला गेला तर विंडोज ती फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या दुसऱ्याच जागी ठेवते. मग फाइल टाकली कुठे, दिसते कुठे, असा गोंधळ होतो. यावर साधा उपाय म्हणजे खेळ ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे. पण हे नवख्याला कोण सांगणार?

तिसरा मुद्दा मोठ्या ॲड-ऑनचा. विमानांच्या सिम्युलेटरमधली काही ॲड-ऑन कित्येक जीबींची असतात. दर सुधारणेला सगळे पुन्हा उतरवणे मोबाइल डेटावर चालणाऱ्या घराला परवडत नाही. ‘फ्लाय बाय वायर’ या गटाचे मोफत एअरबस ए-३२० त्यांच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने अद्ययावत करता येते. त्या इन्स्टॉलरचा कोडही सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे. असा इन्स्टॉलर उपयोगाचाच.

बनवणाऱ्यांची आणखी एक तक्रार असते. कुणीतरी झिप उघडतो, ‘रीडमी’ काढून टाकतो आणि स्वतःच्या नावाने पुन्हा वाटतो. ही चोरीच आहे. पण इन्स्टॉलरने ती थांबत नाही. एकदा बसवले की त्याच फाइली फोल्डरमध्ये उघड्या पडलेल्या असतात आणि नक्कल करणारा तिथून उचलतो. त्रास होतो तो प्रामाणिक वापरणाऱ्यालाच.

मग इन्स्टॉलरवर आक्षेप कशासाठी?

मुख्य आक्षेप विश्वासाचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘फ्लाइट सिम लॅब्ज’ या कंपनीच्या ए-३२० विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये एक वेगळाच प्रोग्राम सापडला. क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर काढण्याची त्याची क्षमता होती. चोरीचे ठरावीक क्रमांक वापरणाऱ्यांनाच पकडण्यासाठी तो ठेवला होता, असा खुलासा कंपनीने केला. गदारोळ झाल्यावर तो काढून नवा इन्स्टॉलर दिला गेला. हे ॲड-ऑन पैसे मोजून घ्यायचे होते आणि कंपनी त्या वर्तुळात नावाजलेली होती. तरीही ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर काय उतरते आहे, हे ग्राहकांना माहीत नव्हते. नावाजलेल्या कंपनीच्या इन्स्टॉलरमध्ये हे घडू शकते, तर टोपणनावाने वाटल्या जाणाऱ्या सेटअपवर डोळे मिटून भरवसा कसा ठेवायचा?

दुसरा आक्षेप सवयीचा. विंडोज अनोळखी प्रोग्राम चालवताना ‘स्मार्टस्क्रीन’चा इशारा देते. तो टाळण्यासाठी प्रोग्रामवर डिजिटल सही लागते आणि तिच्या प्रमाणपत्राला दरवर्षी हजारो रुपये मोजावे लागतात. फुकट गाडी वाटणारा कॉलेजचा मुलगा हे पैसे कुठून आणणार? म्हणून त्याच्या प्रामाणिक इन्स्टॉलरवरही तोच इशारा येतो, जो चोराच्या इन्स्टॉलरवर येतो. मग सूचना लिहिल्या जातात : ‘इशाऱ्याकडे लक्ष देऊ नका’, ‘तरीही चालवा’, ‘अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद करा’. बनवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलाला यातून शिकवण मिळते ती एकच : इशारा आला की तो बाजूला सारायचा. ही सवय उद्या त्याच कॉम्प्युटरवर महागात पडते. झिप फाइलसाठी हे काहीच करावे लागत नाही. एका इंजिनाच्या चार फोल्डरांसाठी मुलाला ही सवय लावणे, हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

जुन्या ॲड-ऑनचे काय होते?

इथे झिपचा सर्वात मोठा फायदा दिसतो. जुने अनेक इन्स्टॉलर खेळ कुठे आहे हे विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ला विचारतात. ज्याच्याकडे मूळ ट्रेन सिम्युलेटर बसवलेलाच नाही, फक्त ‘ओपन रेल्स’ आणि साहित्याचे फोल्डर आहे, त्याला उत्तर मिळते : ‘ट्रेन सिम्युलेटर सापडला नाही’. गाडी आत असते, पण दार उघडत नाही. त्या काळातल्या काही इन्स्टॉलरचा सुरुवातीचा भाग १६-बिट आहे आणि ६४-बिट विंडोज असे प्रोग्राम चालवतच नाही. म्हणजे गाडीच्या फाइली शाबूत, बनवणाऱ्याची मेहनत शाबूत, फक्त वेष्टन निकामी.

त्याच काळातली झिप आज मोबाइलवरही उघडते. ‘ओपन रेल्स’ला मायक्रोसॉफ्टच्या खेळाचा वारसा पुढे नेता आला, तोही फाइली मोकळ्या आणि वाचता येण्याजोग्या होत्या म्हणूनच. खेळ जातात, कंपन्या विभाग बंद करतात, विंडोज बदलते. त्या सगळ्यातून टिकायचे असेल तर वेष्टन जितके साधे तितके बरे.

झिप म्हणजे सुरक्षित, असे म्हणता येईल?

नाही. झिप स्वतः काही करत नाही हे खरे, पण तिच्या आत काहीही असू शकते. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचे घातक सॉफ्टवेअर पसरले. मॉड बनवणाऱ्यांची खाती ताब्यात घेऊन ‘कर्सफोर्ज’सारख्या नामांकित ठिकाणी बाधित फाइली ठेवल्या गेल्या. ते ब्राउझरमधली लॉगिनची माहिती चोरत असे. हे मॉड ‘जार’ प्रकारच्या फाइलमध्ये असतात आणि जार ही मुळात झिपच्याच बांधणीची फाइल. फरक इतकाच की तिच्या आत चालणारा कोड असतो.

म्हणून खरी विभागणी झिप की इन्स्टॉलर अशी नाही. ॲड-ऑनमध्ये नुसती माहिती आहे की चालणारा कोड आहे, हा खरा प्रश्न. रेल्वेचा डबा म्हणजे आकार, रंग, आवाज आणि मजकूर. त्याला कोडची गरज नसते. उलट विमानाच्या गुंतागुंतीच्या ॲड-ऑनमध्ये प्लगइन असतात, म्हणजे कोड असतोच. झिपचे मोल हे की ती उघडून हा फरक आधी तपासता येतो. डब्याच्या झिपमध्ये ‘ईएक्सई’ फाइल दिसली तर तिथेच थांबावे.

आणखी दोन खुणा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग एरवी लपवते. त्यामुळे नावात ‘झिप’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘ईएक्सई’ असू शकते. फाइल एक्सप्लोररमधल्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन नावाचे शेपूट दिसेल अशी सोय चालू करून ठेवावी. दुसरी खूण पासवर्ड लावलेल्या झिपची. तिच्या आतल्या फाइली अँटिव्हायरसला तपासता येत नाहीत. फुकटच्या डब्याला कुलूप कशाला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मोबाइलवर खेळणाऱ्यांचे काय?

आज बहुतेक मुले मोबाइलवरच खेळतात. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मालिओ कंपनीचा खेळ आपल्याकडे लोकप्रिय आहे तो मुख्यतः मॉडमुळे. इंडोनेशियाच्या रस्त्यांवर लाल परी आणि शिवनेरी धावताना दिसते. या खेळात गाडीचा मॉड म्हणजे एक फाइल. ती खेळाने ठरवून दिलेल्या जागी ठेवली की खेळ ती उचलतो. म्हणजे ही झिपचीच पद्धत.

गोंधळ होतो तो ‘मॉड’ आणि ‘मॉड एपीके’ या दोन शब्दांत. एपीके म्हणजे अँड्रॉइडचा इन्स्टॉलर. ‘मॉड एपीके’ म्हणजे कुणीतरी फोडून, बदलून, पुन्हा बांधलेला अख्खा खेळ. तो बसवायला ‘अनोळखी स्रोता’ची परवानगी द्यावी लागते. मग तो एसएमएस, संपर्क, ‘ॲक्सेसिबिलिटी’ अशा परवानग्या मागू शकतो. बस चालवण्याच्या खेळाला एसएमएस वाचून करायचे काय? बँकेचा ओटीपी येतो तो एसएमएसमध्येच.

गेल्या काही वर्षांत ‘ई-चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावांच्या एपीके व्हॉट्सॲपवर पाठवून खाती रिकामी केल्याचे प्रकार राज्यात घडले आहेत. चलानाच्या नावाने फसणारे मोठे आणि खेळाच्या नावाने फसणारी मुले यांच्यासाठी रचलेला सापळा एकच आहे. मुलाच्या हातातला फोन बहुतेक घरांत आई-वडिलांचा असतो आणि त्यातच यूपीआय असते. तेव्हा नियम सोपा ठेवावा : नवी बस एपीकेमधून येत नसते. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे आणि बँकेला सांगून खाते थांबवावे.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो काही खेळांनी दाखवून दिला आहे. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा २०१२ चा खेळ. त्याचा मॉड एका फाइलमध्ये येतो. ती ‘मॉड’ फोल्डरमध्ये ठेवायची, उघडायचीही नाही. पुढे खेळातच यादी दिसते. हवा तो मॉड चालू करायचा, नको तो बंद. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’च्या २०२० च्या आवृत्तीत ‘कम्युनिटी’ नावाचे फोल्डर आहे. ॲड-ऑनचे फोल्डर त्यात ठेवले की झाले, बाहेर काढले की गेले. मूळ खेळाच्या फाइलींना धक्काच नाही.

म्हणजे इन्स्टॉलरची सोय हवी, पण ते काम खेळाने करावे. दर ॲड-ऑनबरोबर येणाऱ्या नव्या अनोळखी प्रोग्रामने नव्हे. गाठोडे कुणाचेही असो, ते सोडणारा माणूस आपला असावा.

जुन्या ट्रेन सिम्युलेटरच्या मंडळींनीही एक शहाणी वाट काढली होती. नव्या मार्गाला मूळ सहा मार्गांतली झाडे, घरे, खांब लागत. मायक्रोसॉफ्टच्या फाइली परस्पर वाटणे योग्य नव्हते आणि त्यामुळे झिपही फुगली असती. म्हणून झिपमध्ये ‘इन्स्टॉल-मी’ नावाची छोटी बॅच फाइल असे. ती आपल्याच कॉम्प्युटरवरच्या मूळ खेळातून हव्या त्या वस्तू नव्या मार्गाच्या फोल्डरमध्ये आणते. बॅच फाइलही कॉम्प्युटरला आज्ञा देते, तेव्हा तीही जपूनच चालवायची. पण ती साध्या मजकुराची असते. चालवण्यापूर्वी नोटपॅडमध्ये उघडून प्रत्येक ओळ वाचता येते. काम आपोआप होते आणि काही लपूनही राहत नाही.

बनवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी काय करावे?

गाडी, डबा, बस, स्थानक अशा साध्या ॲड-ऑनसाठी झिप हीच मुख्य पद्धत असावी. इन्स्टॉलर द्यायचाच असेल तर सोबत झिपही द्यावी, म्हणजे निवड वापरणाऱ्याच्या हाती राहते. झिपमधल्या फोल्डरांची रचना खेळातल्या रचनेसारखीच असावी आणि कोणत्याही सामाईक फाइलवर परस्पर हात टाकू नये. ‘रीडमी’ मराठीत असावा. काय कुठे ठेवायचे, काढायचे कसे आणि कुणाचे काम वापरले आहे, एवढे तरी त्यात लिहावे. मराठी मुलांसाठी बनवलेल्या लाल परीची माहिती फक्त मोडक्या इंग्रजीत असणे बरे नव्हे. जमल्यास फाइलचा ‘हॅश’, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, आपल्या खात्यावर जाहीर करावा. मधल्या कुणी फाइल बदलली तर ठसा जुळत नाही. विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तो कुणालाही तपासता येतो.

वापरणाऱ्यांनी झिप थेट खेळात सोडू नये. आधी रिकाम्या फोल्डरमध्ये उघडावी, आत काय आहे ते बघावे, मग हलवावे. मूळ झिप जपून ठेवावी, म्हणजे काढताना कोणत्या फाइली आल्या होत्या ते कळते. इन्स्टॉलरला पर्यायच नसेल तर तो मूळ बनवणाऱ्याकडूनच घ्यावा. काही इन्स्टॉलर ‘सेव्हन-झिप’सारख्या मोफत प्रोग्रामने न चालवताच उघडून पाहता येतात. शक्य असेल तर मुलाच्या खेळासाठी विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले वेगळे खाते करावे. त्याला कवडीचाही खर्च नाही आणि घरातले बाकीचे व्यवहार एका भिंतीपलीकडे राहतात.

यात पाच-दहा मिनिटे जास्त जातात, हे खरे. पण त्या मिनिटांत मुलगा फोल्डर म्हणजे काय, फाइल कुठे जाते, इंजिनाचे वजन बदलले की गाडी चढावर कशी वागते, हेही शिकतो. आज झिप उघडणाऱ्यांपैकीच कुणीतरी उद्या करी रोड स्थानक पडद्यावर उभे करील. इन्स्टॉलरवर ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करणाऱ्याला आत बघण्याची ही संधीच मिळत नाही.